पिकअपचा एसी मधेच बंद पडतो – प्रेशर सेन्सर घरच्या घरी बदलता येईल का?

भाजी_ट्रिपवाला (बेळगाव)
मंडळी नमस्कार. गाडी डबल केबिन पिकअप, बीएस-६ डिझेल, केए-२२ पासिंग. रात्री एपीएमसीतनं भाजी भरायची आणि जांबोटी-चोर्लामार्गे म्हापशाला उतरवायची, हा धंदा.

एसीचा त्रास असा. गाडी थंड असताना एसी लावला की दहाएक मिनिटं झकास. मग टक् करून कंप्रेसर सुटतो आणि नुसती कोमट हवा यायला लागते. बटण बंद-चालू करून उपयोग नाही. गाडी तासभर उभी केली की परत पहिल्यासारखं.

पहिला मिस्त्री बोनेट न उघडताच म्हणाला, "ग्यास खाली आग्यादरी" (गॅस संपलाय). भरून घेतला, फरक शून्य. दुसऱ्यानं कंप्रेसरच गेला म्हणून सांगितलं, आकडा ऐकून मी चहा न पिताच उठलो. तिसरा म्हणतोय प्रेशर सेन्सर. आता विचारालोय ते एवढंच : सेन्सर आपला आपण बदलता येतो का? काढल्या काढल्या सगळा गॅस उडून जाणार का?

वळीव सुरू झालाय. मृगाच्या आत हे मिटायला पाहिजे. पावसात चोर्ल्याला काच आतून धुरकट होते आणि एसी नसला की ती साफच होत नाही. उन्हाचं मी सोसतो, पण घाटात समोरचं दिसायला तर पाहिजे की.

निपाणीकर_तात्या
गॅस लीक असणार. सगळ्या जॉइंटला साबणाचा फेस लावून बघा. बुडबुडा आला की सापडला चोर.

चंदगडी_गडी
घाट चढताना एसी सुटतो ते नॉर्मल आहे हो. पूर्ण रेस दिली की ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) स्वतःच कंप्रेसर काढून टाकतो, इंजिनला ताकद मिळावी म्हणून. इंजिनचं पाणी जास्त तापलं तरी तसंच. माझी पण सुटते शिनोळीच्या चढाला.

भाजी_ट्रिपवाला
@चंदगडी_गडी, ते माहीत आहे, पण तसं झालं तर चढ संपल्यावर परत लागतो की. माझा हिंडलग्याच्या सपाटीला पण सुटतो आणि सुटला की सुटलाच. टेंपरेचरचा काटा निम्म्यावर आहे, हलत नाही.
@तात्या, फेस लावून बघितला. काही नाही.

उद्यमबाग_वायरमन
सेन्सर विकत घ्यायच्या आधी एक सांगा. कंप्रेसर सुटतो त्या वेळी कंडेन्सरपुढचा (एसीचा गरम गॅस थंड करणाऱ्या जाळीपुढचा) इलेक्ट्रिक पंखा काय करतो? बंद, हळू की जोरात?

भाजी_ट्रिपवाला
जोरात! थांबतच नाही. मला वाटलं पंखा तरी बरा आहे.

उद्यमबाग_वायरमन
मग पहिल्या मिस्त्रीचं निदान तिथंच निकालात निघतं. का ते सांगतो.

तुमच्या गाडीतला सेन्सर तीन वायरचा असणार. एक वायर ५ व्होल्टची, एक अर्थ, तिसरी सिग्नल. कंडेन्सरमधून निघून एक्स्पान्शन व्हॉल्व्हकडे जाणाऱ्या हाय प्रेशर लाइनवर तो बसवलेला असतो. लाइनमध्ये दाब जितका जास्त तितका सिग्नल वर जातो, साधारण अर्ध्या व्होल्टपासून साडेचार व्होल्टपर्यंत. ईसीयू तो आकडा बघून दोन कामं करतो. दाब फारच कमी असला, म्हणजे दोनेक बारच्या (बार हे दाबाचं माप) खाली, तर कंप्रेसर लागूच देत नाही, कारण गॅस नसेल तर गॅसबरोबर फिरणारं ऑइलही फिरत नाही आणि कंप्रेसर कोरडा घासून जाम होतो. दाब फार वाढला, साधारण तीस बारच्या घरात गेला, तर पाइप-कंडेन्सर फुटू नये म्हणून कंप्रेसर सोडतो आणि पंखा पूर्ण जोरात लावतो.

गॅस कमी असता तर पंखा असा ओरडला नसता. ईसीयूला वाटतंय की दाब प्रचंड वाढलाय. आता शक्यता दोनच : दाब खरंच वाढतोय, नाहीतर सेन्सर किंवा त्याची वायरिंग खोटं सांगतेय. पहिली शक्यता सोडू नका. मुळात गॅस बरोबर असताना कुणी वरून आणखी मारला असेल, तर दाब खरोखरच चढणार आणि तुम्ही नवा सेन्सर बसवला तरी तोही तेच सांगणार.

त्यामुळे गेज (एसीचा दाब दाखवणारे काटे) आणि स्कॅनर (ईसीयूतले आकडे वाचणारं यंत्र) एकाच वेळी लावा. मित्राचा स्वस्तातला ब्लूटूथवाला स्कॅनर चालेल, फक्त त्यात एसी प्रेशरचा लाइव्ह आकडा दिसला पाहिजे. सकाळी इंजिन थंड असताना एकदा बघा आणि कंप्रेसर सुटतो त्या क्षणी एकदा.

अथणीकर
आमच्याकडं चाळीस डिग्रीत असंच व्हायचं. उसाच्या पाचटाचा भुसा आणि धूळ कंडेन्सरच्या जाळीत गच्च बसलेली. जाळी काढून पाण्यानं धुतली, काम झालं. लांबूनच पाणी मारा, प्रेशर वॉशर जवळ धरलात तर कंडेन्सरच्या पात्या झोपतात. फुकटचं काम आहे, आधी ते करा.

भाजी_ट्रिपवाला
@अथणीकर, धुतला. चोर्ल्याची तांबडी माती निघाली भरपूर. हवा जरा जास्त थंड वाटालीय, पण सुटायचा तो सुटतोच.

शॉर्टकट_भाऊ
एवढं कशाला. सेन्सरचा कपलर (वायरचा प्लग) काढा, पिना वायरनं जोडा, कंप्रेसर चालू. आमच्या जुन्या जीपला असंच चालवलंय.

उद्यमबाग_वायरमन
@शॉर्टकट_भाऊ, जुन्या जीपला दोन पिनचा प्रेशर स्विच. तो नुसता चालू-बंद, म्हणून तिथं पिना जोडल्या की कंप्रेसर लागतो. इथं तीन पिनचा सेन्सर आहे. ५ व्होल्ट आणि अर्थ जोडलात तर ती लाइनच बसते. काही गाड्यांत त्याच ५ व्होल्टवर इंजिनचे इतर सेन्सरही असतात, मग एसी राहिला बाजूला, गाडी रस्त्यात बंद. आणि चुकून १२ व्होल्ट सिग्नलला लागले तर ईसीयूचा खर्च.

कंप्रेसरच्या क्लचला (जो कंप्रेसर जोडतो-सोडतो) बॅटरीवरून थेट करंट देऊन चालवणारेही बघितलेत. मग दाब खरंच वाढला तर थांबवणारं कुणी नाही. कंप्रेसरवरचा सेफ्टी व्हॉल्व्ह पस्तीस-चाळीस बारला उडतो, पण त्याच्या भरवशावर गाडी चालवू नये.

सीमाभागी
बाकी काही म्हणा, पार्ट घ्यायला कोल्हापूरच गाठावं लागतं. आपण महाराष्ट्रात असतो तर

धागा_चालक
सीमाप्रश्नाचा धागा वेगळा आहे, साहेब. इथं फक्त एसी. आणि बेळगावात पार्ट मिळतात.

भाजी_ट्रिपवाला
रीडिंग घेतलं. गेज सेट शहापूरच्या दोस्ताचा.

सकाळी इंजिन थंड, सावलीत, हवा अंदाजे ३० डिग्री : दोन्ही गेजवर ९७-९८ पीएसआय, स्कॅनरवर ६.८ बार.
एसी चालू, इंजिन तापल्यावर : खालचा (कमी दाबाच्या बाजूचा) काटा ३५, वरचा (जास्त दाबाच्या बाजूचा) २१५ पीएसआयच्या आसपास, स्कॅनर १५ बार.
मग बघता बघता स्कॅनर १५ वरून थेट ३१ बार! कंप्रेसर सुटला, पंखा जोरात. त्या क्षणी गेजचा वरचा काटा मात्र २१५ लाच, आणि मग हळूहळू खाली. एरर कोड पी-०५३३.

निपाणीकर_तात्या
९७ म्हणजे गॅस फुल्ल आहे की. मग माझं लीकचं खातं बंद.

उद्यमबाग_वायरमन
@तात्या, घाई नको. कंप्रेसर बंद असतानाचा दाब गॅस किती आहे ते सांगत नाही. सिस्टिममध्ये थोडा जरी गॅस द्रवरूपात शिल्लक असला तरी दाब हवेच्या तापमानावरच ठरतो. आर-१३४ए ला, म्हणजे गाडीच्या एसीत असतो त्या गॅसला, २५ डिग्रीला ८१ पीएसआयच्या आसपास, ३० ला ९७, ३५ ला ११४, ४० ला १३३. म्हणून ९७ वरून एवढंच कळतं की गॅस आहे, तो बहुतेक आर-१३४ए च असावा आणि आत हवा शिरलेली दिसत नाही. हेही कमी नाही. हल्ली छोट्या डब्यांतून कसलं कसलं मिश्रण भरतात, तेव्हा हा आकडा बहुतेक वेळा तक्त्याशी जुळत नाही. चालू असतानाचे ३५ आणि २१५ मात्र या हवेला ठीक आहेत. जादा गॅस भरलेला दिसत नाही.

@भाजी_ट्रिपवाला, छान काम केलंत. एक बार म्हणजे साडेचौदा पीएसआय. म्हणजे थंड असताना गेज आणि सेन्सर दोघंही एकच बोलतात. तापल्यावर गेज म्हणतं १५ बार आणि सेन्सर म्हणतो ३१. दाब असा एका क्षणात दुप्पट होत नसतो, झाला तर काट्याला दिसल्याशिवाय राहत नाही. दाब वाढत नाही, हे नक्की.

उरलं सेन्सर की वायरिंग. पी-०५३३ म्हणजे सिग्नल जास्त येतोय. हा कोड आला की लोक थेट सेन्सर बदलतात, पण अर्थची वायर तुटकी असली तरी सिग्नल असाच वर चढतो. तेव्हा बिघाड चालू असतानाच :
मल्टीमीटरचं काळं टोक बॅटरीच्या निगेटिव्हला, लाल टोक कपलरच्या मागून सेन्सरच्या अर्थ पिनला. जवळजवळ शून्य यायला पाहिजे. मग ५ व्होल्टची पिन, मग सिग्नल. नंतर वायरचा गुच्छ हलवून बघा, आकडा नाचतो का. शेवटी कपलर काढा आणि स्कॅनर बघा. पिनेत सुई खुपसून पिन सैल करू नका, मागून हळूच सरकवा. आणि कपलरच्या आत हिरवा गंज आहे का तेही बघा, चोर्ल्याच्या पावसात फिरणारी गाडी आहे.

खानापूर_पावसाळी
उंदीर पण बघा हो. आमच्याकडं जुलैत गाडी दोन दिवस उभी राहिली की बोनेटखाली संसार थाटतात. माझी सिग्नलची वायर कुरतडून ठेवलेली.

भाजी_ट्रिपवाला
उंदीर नाही. गंज नाही, कपलर आतून चकचकीत. बिघाड चालू असताना अर्थ ०.०२, पॉवर ४.९९, सिग्नल ४.८. गुच्छ हलवला, काही फरक नाही. कपलर काढल्यावर स्कॅनर सरळ शून्यावर आला.

उद्यमबाग_वायरमन
झालं. कपलर काढल्यावर सिग्नल खाली आला म्हणजे वायर कुठं ५ किंवा १२ व्होल्टला चिकटलेली नाही. (काही गाड्यांत कपलर काढल्यावर आकडा उलट पूर्ण वर जातो, त्यामुळे दुसऱ्या गाडीला हा नियम डोळे मिटून लावू नका.) अर्थ चांगला, पॉवर चांगली, तरी सेन्सर ४.८ देतोय. सेन्सरच तापला की आतून बिघडतोय. तिसऱ्या मिस्त्रीचा अंदाज बरोबर होता, फक्त त्यानं तपासून सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

आता बदलण्याचं. तुमचा मूळ प्रश्न, गॅस उडणार का? ते सेन्सरच्या खाली, पाइपच्या बोळक्यात (सेन्सर बसतो त्या तोंडात), टायरच्या ट्यूबसारखा व्हॉल्व्ह पिन आहे का त्यावर आहे. असला तर सेन्सर उघडताना जरा फुस्स होतं आणि पिन बसते. नसला तर सेन्सर सुटला की सगळा गॅस तोंडावर. तुमच्या मॉडेलला काय आहे ते सर्व्हिस मॅन्युअलमध्ये किंवा पार्टच्या चित्रात बघा, नाहीतर ते मॉडेल उघडलेल्या माणसाला विचारा. 'बहुतेक असेल' यावर पाना लावायचा नाही.

पिन असली तर :
इंजिन पूर्ण थंड. बॅटरीचं निगेटिव्ह काढा. डोळ्याला चष्मा, हातात मोजे, हे हट्टानं सांगतोय. आर-१३४ए मोकळ्या हवेत उणे २६ डिग्रीला उकळतो, डोळ्यात गेला तर डोळा गोठवतो. काम मोकळ्या हवेत करा, पिटात उतरून नको, हा गॅस हवेपेक्षा जड असतो. आणि निपाणीकर मदतीला येणार असतील तर बिडी गेटबाहेर. ज्वाळेशी किंवा निखाऱ्याशी आला की हा गॅस विषारी होतो.

सेन्सरच्या भोवतीची माती ब्रशनं आणि हवेनं साफ करा, नाहीतर तीच माती आत जाते. कपलरचं लॉक दाबून काढा, वायर धरून ओढू नका. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे दोन पाने. एकानं पाइपचं बोळकं धरायचं, दुसऱ्यानं सेन्सर फिरवायचा. पाइप ॲल्युमिनियमचा आहे, एका पान्यानं जोर केलात तर पाइपच पिळवटतो आणि दोन हजाराचं काम दहा हजाराला जातं. अर्धा-अर्धा आटा सोडवत जा. फुस्स थांबलं तर पुढं. थांबतच नसेल, वाढत असेल, तर तिथंच परत आवळा आणि गॅरेजला न्या.

जुनी ओ-रिंग (गॅस अडवणारी गोल रबरी रिंग) बोळक्यातच अडकून राहते कधीकधी, ती काढा. दोन रिंगा एकावर एक बसल्या तर लीक ठरलेला. नवी ओ-रिंग एसीचीच घ्या, साध्या रबराची आर-१३४ए आणि त्याच्या ऑइलला टिकत नाही. तिला सिस्टिममधलंच पीएजी ऑइल बोटानं लावा. इंजिन ऑइल नको, ग्रीस नको, आट्याला टेप तर अजिबात नको. दाब ओ-रिंग अडवते, आटा नाही. नवा सेन्सर हातानं पूर्ण फिरवा, मग पान्यानं जरासाच. बहुतेक सेन्सर १० न्यूटन-मीटरच्या आसपास आवळतात, तुमचा आकडा मॅन्युअलमध्ये बघा. नंतर साबणाचा फेस.

शॉर्टकट_भाऊ
आणि पिन नसली तर? उडवून द्यायचा गॅस, दुसरा भरायचा. कितीसा लागतोय.

उद्यमबाग_वायरमन
उडवायचा नाही. रिकव्हरी मशीन असलेल्या गॅरेजला जायचं, गॅस मशीनमध्ये ओढून घेतात आणि वजन करून परत भरतात. वातावरण तापवण्यात एक किलो आर-१३४ए हा चौदाशे किलोच्या आसपास कार्बन डायऑक्साइडच्या बरोबरीचा धरतात, म्हणून तर किगालीच्या आंतरराष्ट्रीय करारात याचा वापर कमी करायचं ठरलंय, आणि २०२१ मध्ये भारतानंही त्याला मान्यता दिलीय. हे पटत नसेल तर साधा हिशोब बघा : मशीनमध्ये किती गॅस निघाला ते वजन कळतं. त्यावरून आधी कमी होता की जादा ते समजतं. उडवून दिलात तर ते कधीच कळणार नाही.

सिस्टिम उघडली की पंपानं आतली हवा ओढून व्हॅक्यूम किमान अर्धा तास, मग पंप बंद करून काटा वर सरकतो का ते बघायचं. नंतर बोनेटखालच्या स्टिकरवर जेवढे ग्रॅम लिहिलेत तेवढाच गॅस, काट्यावर मोजून. 'हाताला थंड लागेपर्यंत' भरणाऱ्याकडं जाऊ नका.

म्हापसा_बेळगाव_म्हापसा
व्हॅक्यूमवरून विचारतो. माझ्या पंपावर म्हापशाला काटा २९ इंचाच्या (पाऱ्याच्या इंचात मोजलेला व्हॅक्यूम) पुढं जातो, बेळगावात भावाकडं तोच पंप, तेच गेज, २७ च्या वर जाईना. भाऊ म्हणतो पंप गेला.

उद्यमबाग_वायरमन
पंप बरा आहे. बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण ७५० मीटरवर आहे, हवेचाच दाब इथं कमी. साधं गेज बाहेरच्या हवेच्या तुलनेत मोजतं, त्यामुळे इथं पूर्ण व्हॅक्यूमला २७ च्या जरा पुढं काटा थांबणारच. म्हापसा समुद्राच्या जवळ, सखल. घाटावर २९ च्या नादात लोक पंपाचं तेल बदलत बसतात.

अथणीकर
ही माहिती भारी. कुणी सांगितलं नव्हतं.

भाजी_ट्रिपवाला
पार्टबद्दल एक. दुकानदार म्हणतो दुसऱ्या गाडीचा सेन्सर याच आट्याचा आहे, कपलरही तोच, निम्म्या किमतीत. घेऊ?

उद्यमबाग_वायरमन
नको. आटा आणि कपलर जुळला म्हणजे सेन्सर जुळला असं नाही. किती व्होल्टला किती दाब, हे गणित प्रत्येकाचं वेगळं असू शकतं. दुसऱ्या मापाचा सेन्सर १५ बारला २० सांगेल, मग पंखा सारखा ओरडणार, नाहीतर खरोखर ३० झाल्यावर तो २२ च म्हणेल आणि कंप्रेसर वेळेत सुटणार नाही. जुन्यावरचा पार्ट नंबर बघून तोच घ्या.

चंदगडी_गडी
जरा विषयांतर. मोठ्या ट्रकला आता एसी केबिन सक्तीची झालीय ना? आमच्या पिकअपला पण?

उद्यमबाग_वायरमन
१ ऑक्टोबर २०२५ पासून बनलेल्या एन-२ आणि एन-३ गटाच्या ट्रकला. म्हणजे भारासकट साडेतीन टनाच्या वरच्या. आपली पिकअप बहुतेक त्याच्या खाली बसते, त्यामुळे सक्ती नाही.

भाजी_ट्रिपवाला
झालं काम. मॅन्युअलमध्ये खाली पिन असल्याचं चित्र सापडलं म्हणून घरीच केलं. पुढची शोची जाळी काढावी लागली, त्याच्या क्लिपा तुटतात, नव्या आधीच आणून ठेवा कुणी करणार असाल तर. खरा वेळ तिथंच गेला, सेन्सर तर चटकन निघाला. फुस्स झालं आणि थांबलं. जुनी ओ-रिंग सांगितल्याप्रमाणे बोळक्यातच चिकटलेली, लाकडी टूथपिकनं काढली, स्क्रू ड्रायव्हर घातला नाही. कोड पुसला.

आता थंड असताना स्कॅनर आणि गेज जुळतात आणि तापल्यावरही जुळतात. दुपारी चोर्ल्यातनं वर आलो, कंप्रेसर चढाला सुटला आणि माथ्यावर आपला आपण लागला. पंखा कधी हळू, कधी जोरात, कधी बंद. आधी असा चालायचा हेच विसरलो होतो. वायरमन अण्णा, उद्यमबागला आलो की भाजीची पिशवी पोचती करतो.

उद्यमबाग_वायरमन
पिशवीत गवारी नको, बाकी काहीही चालेल. वेळ मिळेल तेव्हा एकदा गॅसचं वजन करून घ्याच. पहिल्या मिस्त्रीनं गरज नसताना काय भरलं आणि किती भरलं ते अजून कुणालाच माहीत नाही. गेज ठीक दिसतंय, पण एप्रिलच्या उन्हात थोडा जादा गॅसही जाणवतो.

निपाणीकर_तात्या
माझी गाडी जुनी, स्विच दोन पिनचा, कंप्रेसर लागतच नाही. पंखाही गप्प. माझ्याकडं स्कॅनर नाही.

उद्यमबाग_वायरमन
तात्या, तुमच्याकडं मात्र लीकच निघेल बहुतेक. आधी फ्यूज आणि रिले बघा. मग गाडी थंड असताना गेज लावा. काटा दहा-वीस पीएसआयवर असेल तर स्विच आपलं काम बरोबर करतोय, त्याला हात लावू नका, तुमचा तो साबणाचा फेस काढा. काटा नव्वदच्या पुढं असेल तर स्विचचा कपलर काढून दोन पिनांवर मल्टीमीटरचं बझर लावा. वाजला नाही तर स्विच गेला. आकडे इथं टाका, पुढचं सांगतो.